साबरमती रिव्हरफ्रंट, पुलापुलाने: बडोद्याहून जाणाऱ्या चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी

बडोद्यात सकाळचं फिरणं म्हणजे कमाटीबाग. १८७९ सालची ही बाग झाडांनी गच्च आहे, हवा छान आहे, पण ज्याला एका दमात दहा-बारा किलोमीटर जायचंय त्याला तिथं घिरट्याच घालाव्या लागतात. विश्वामित्रीच्या काठाने लांब जायचं म्हटलं तर काठ उभे, झाडोऱ्याचे, आणि पाण्यात मगरी. त्यामुळे सलग नदीकाठ हवा असला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतची पळणारी आणि सायकल मारणारी मंडळी अहमदाबादकडे बघतात. साबरमती रिव्हरफ्रंटचा खालचा वॉकवे दोन्ही काठांना साधारण साडेअकरा किलोमीटर जातो. गाड्या नाहीत, सिग्नल नाही, प्रवेशाला पैसे नाहीत.

आधी निकाल सांगून टाकू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत: पाचपैकी साडेचार. पावसाळ्यात दोन, तेही धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर. एप्रिल-मे महिन्यात दुपारी: शून्य, आणि हे गमतीने म्हटलेलं नाही.

असं का, हे बांधणीवरून कळतं. साबरमती मुळात पावसाळी नदी. एरवी पात्रात वाळू असायची. तिथं भाजीपाला पिकायचा, बाजार भरायचा, सर्कशीचे तंबू पडायचे. २००५ मध्ये काम सुरू झालं, २०१२ मध्ये वॉकवे लोकांना खुला झाला. दोन्ही बाजूंनी भिंती घालून पात्राची रुंदी सगळीकडे सारखी, सुमारे २६३ मीटर केली गेली. आज दिसतं ते पाणी दक्षिण टोकाच्या वासणा बराजने अडवलेलं, आणि बरंचसं नर्मदेच्या कालव्यातून आलेलं. म्हणून पातळी वर्षभर जवळपास एकच राहते आणि पाण्याच्या इतक्या जवळून रस्ता नेता आला. या कामात नदीकाठच्या वस्त्यांमधली दहा हजारांहून जास्त कुटुंबं हलवली गेली, हेही तिथं फिरताना ठाऊक असावं.

रस्ते दोन पातळ्यांवर आहेत. वर शहराच्या पातळीला मोटारींचा रिव्हरफ्रंट रोड, बागा आणि रुंद फुटपाथ. खाली पाण्यालगतचा वॉकवे. खालून जाताना एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला उंच भिंत. शहराचा आवाज वरच राहतो, हा मोठा फायदा. पण सावली देणारं झाड जवळपास नाही, पाण्याचा नळ किंवा चहाची टपरी हव्या त्या वेळी सापडत नाही, आणि मनात येईल तिथून बाहेर पडता येत नाही. वर यायचे जिने आणि रॅम्प ठरावीक ठिकाणी आहेत. चालणाऱ्याला जिना चालतो. सायकलवाल्याने मात्र उतरण्यापूर्वीच परतीचा रॅम्प कुठं आहे ते पाहून ठेवावं. बारा-चौदा किलोची सायकल खांद्यावर घेऊन तेवढा जिना चढणं सकाळच्या व्यायामात मोजलेलं नसतं.

त्या भिंतीचा एक उपयोग फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. पूर्व काठाची भिंत वॉकवेच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास त्या काठावर भिंतीची सावली असते. पश्चिम काठावर त्याच वेळी समोरून ऊन येतं. संध्याकाळी उलट: पश्चिम काठावर सावली आधी येते, आणि पूर्वेची भिंत दिवसभराची तापलेली असल्यामुळे सूर्य बुडाल्यावरही धग सोडत राहते. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरात सकाळी जायचं असेल तर पूर्व काठ घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाजत असेल तर पश्चिम.

आता पूल. या वॉकवेचा नकाशा डोक्यात ठेवायचा तर पुलांचा क्रम पाठ करावा, दुसरं काही लागत नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे: सुभाष पूल, मग रेल्वेचा पूल, दधीचि पूल, गांधी पूल, नेहरू पूल, एलिस पूल, अटल पूल, सरदार पूल आणि शेवटी आंबेडकर पूल. गांधी पुलापासून सरदार पुलापर्यंतचे पूल जवळजवळ आहेत. तिथं थकलं, पंक्चर झालं, पोटात कळ आली तरी पुढचा पूल डोळ्यांसमोर असतो. दोन्ही टोकांना मात्र अंतर वाढतं आणि वर्दळ एकदम कमी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मधला भाग करावा. पूर्ण लांबी दुसऱ्या खेपेला.

दोन्ही काठ मिळून वर्तुळ करायचं ही कल्पना कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात त्रास पूल ओलांडताना होतो. वाहनांचे पूल वरच्या वर जातात आणि रिव्हरफ्रंट रोड त्यांच्या खालून निघतो. म्हणजे वॉकवेवरून आधी वर यायचं, मग पश्चिमेला आश्रम रोडपर्यंत जायचं, तिथून पुलावर चढायचं आणि पलीकडे पुन्हा खाली उतरायची वाट शोधायची. ज्याला वर्तुळच हवंय त्याने उत्तरेला दधीचि पूल आणि दक्षिणेला आंबेडकर पूल धरावा. सुभाष पूल हिशेबात घेऊ नये. आमचं मत विचाराल तर एकच काठ, जाऊन-येऊन. त्यात साडेअकरा गुणिले दोन, तेवीस किलोमीटर होतात. ताशी पंधराच्या वेगाने सायकलला दीड तास आणि थोडं वर. ताशी पाचने चालणाऱ्याला एकेरी अंतरालाच दोन तास वीस मिनिटं. चालणाऱ्याने त्यामुळे एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला संपवावं आणि परत रिक्षाने यावं.

पायी ओलांडायला अटल पूल सोपा, कारण तो खालच्या आणि वरच्या दोन्ही पातळ्यांना जोडलेला आहे. एलिस आणि सरदार पुलाच्या मध्ये, ३०० मीटर लांब, २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला, पतंगाच्या आकारांचा रंगीत पूल. तिकीट मोठ्यांना ३० रुपये. पण भल्या सकाळी तो उघडलेला नसतो, आणि सायकल आत नेऊ देत नाहीत. मोरबीच्या झुलत्या पुलाच्या दुर्घटनेनंतर एका तासात ३००० माणसांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे रविवारी संध्याकाळी रांगेत उभं राहायची तयारी हवी. फिरण्याच्या वाटेचा भाग म्हणून हा पूल धरू नये. पाहुणे आले की दाखवायला ठीक.

सायकलचं थोडं सविस्तर. जमीन सपाट आहे, चढ फक्त रॅम्पवर, त्यामुळे गिअरची सायकल लागतेच असं नाही. सिंगल स्पीडला ४४ दातांची पुढची आणि १८ ची मागची चकती या रस्त्याला पुरते. प्रश्न टायरचा आहे. खाली फरसबंदी आहे आणि तिच्या सांध्यांवरून चाक सतत टकटक करत जातं. २३ किंवा २५ मिलिमीटरचे रेसिंग टायर शंभर पीएसआयला फुगवून आणले तर तासाभरात मनगटं बधिर होतात, आणि एखादी फरशी उचललेली असेल तर ट्यूब रिमशी चेपून दोन भोकं पडतात. ३२ ते ३५ मिलिमीटरचा टायर, ७० किलोच्या माणसाला ५० ते ५५ पीएसआय, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त: हे जमून येतं. माउंटन बाइकचे गाठीदार टायर इथं नुसते घरंगळतात आणि ताकद खातात. तेच असतील तर हवा ४० पर्यंत वाढवावी.

दोन्ही टोकांकडे पंक्चरचं कारण वेगळं. मोकळ्या जागांत गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला असतो आणि त्याचे काटे वाऱ्याने रस्त्यावर येतात. काटा घुसला की हवा लगेच जात नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मागचं चाक जड वाटायला लागतं. काटा तिथंच उपटला तर उरलेली हवाही जाते, म्हणून बाहेर पडायचा रॅम्प जवळ असेल तर तो तसाच ठेवून तिथपर्यंत पोचावं. खाली पंक्चरवाला नाही. वर येऊन आश्रम रोड किंवा आतल्या गल्ल्या शोधाव्या लागतात, आणि सकाळी सातला त्यातलं बरंच बंद असतं. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाकाला नट असतील तर १५ चा पाना. एवढं पिशवीत असावंच.

भाड्याने सायकल घेणार असाल तर घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचं चाक अडलं पाहिजे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. भाड्याच्या सायकलींची सीट नेहमी खाली असते आणि गुडघे त्यानेच दुखतात. तिसरं, सायकल घेतली तिथंच परत द्यायची का दुसरीकडे चालते, हे आधी विचारायचं. नाहीतर वासण्याकडे पोचल्यावर तेवढंच अंतर परत, घड्याळ चालू.

हा वॉकवे सगळ्यांचा आहे, हे सायकलवाल्यांना सारखं सांगावं लागतं. सकाळी पळणारे आणि योगवाले, त्यांच्यात ढकलगाडीतली बाळं घेऊन निघालेली जोडपी, काठीच्या आधाराने चालणारे आजोबा. डाव्या बाजूने जायचं, माणूस ओलांडताना आधी घंटी आणि मग वेग कमी. ताशी पंधराच्या वर इथं कुणी जाऊ नये. ज्याला ताशी तीसने जायचं त्याची ही जागा नव्हे. गार्डने उतरून सायकल ढकलत न्यायला सांगितलं तर वाद घालू नये. पुढं दोनशे मीटरवर पुन्हा बसता येतं. भिंत सरळ पाण्यात उतरलेली असल्यामुळे काठापाशीच पाणी खोल आहे, आणि घाटांच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं. पोरांना फोटोसाठी तिथं उभं करू नये.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा, कारण मोकळ्या पात्रात तो अडवायला काही नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात वारा नैऋत्येचा: आधी वासण्याकडे तोंड करून जावं, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. थंडीत तो उत्तरेकडून येतो, तेव्हा सुरुवात सुभाष पुलाच्या दिशेने.

ऋतूंबद्दल. अहमदाबादेत २० मे २०१६ रोजी पारा ४८ अंशांवर गेला होता. एवढं रोज होत नाही, पण एप्रिल-मे महिन्यात ४२-४३ नेहमीचं, आणि खालच्या वॉकवेवर फरशी आणि भिंत दोन्हीकडून ऊन परततं. सकाळी साडेआठनंतर तिथं थांबणं हट्टाचं आहे. थंडीतही तासाला अर्धा लिटर पाणी धरून चालावं, मार्चपासून पाऊण लिटर, आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर. बाटल्या घरूनच भरून न्याव्यात.

पावसाळ्यात धरोई धरणातून पाणी सोडलं की खालचा वॉकवे बंद करतात, आणि मोठा विसर्ग असला तर तो पाण्याखाली जातो. तसाच तो आखलेला आहे. दोन भिंतींमधून सुमारे ४.७ लाख क्युसेक वाहून जावं, असा हिशेब आहे. पूर ओसरल्यावर लगेच धावत जाऊ नये. गाळाचा थर राहतो. ओला असताना पाय आणि चाक दोन्ही घसरतात, वाळला की धूळ नाकातोंडात. साफसफाई होऊन एखादा चांगला पाऊस त्यावरून गेला की मग जावं.

थंडीतला सगळ्यात धोक्याचा आठवडा उत्तरायणाचा. १४ आणि १५ जानेवारीला, आणि त्याआधीचे पाच-सहा दिवसही, आडवा आलेला मांजा दिसत नाही. स्कूटरला पुढं तारेची कमान लावतात. सायकलवाल्याच्या गळ्याला आडोसा कुठला? त्या दिवसांत सायकल घरी. पायी गेलात तर गळ्याला जाड मफलर. जानेवारीतच पतंग महोत्सव आणि फ्लॉवर शो रिव्हरफ्रंटवर भरतात, वरच्या रस्त्यावर गर्दी उसळते, पार्किंग मिळत नाही. शांतपणे फिरायचं असेल त्याने डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारी गाठावा.

बडोद्याहून पोचायचं कसं? पायी फिरणाऱ्याला रेल्वेच उत्तम. मुंबईकडून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे बडोद्याला थांबून सकाळी अहमदाबादला लागतात. त्यातली एखादी धरली की ऊन चढायच्या आत वॉकवेवर पाय पडतो. कालुपूर स्टेशनला उतरून मेट्रो घ्यायची. घीकांटा, शाहपूर, आणि तिसरं स्टेशन ओल्ड हायकोर्ट. शाहपूरला उतरलात तर पूर्व काठ जवळ, ओल्ड हायकोर्टला पश्चिम काठ. तिथंच गाडी बदलून गांधीग्रामला गेलात तर एलिस पूल पायी अंतरावर. मेट्रोची वाट बघायची नसेल तर कालुपूरहून रिक्षा.

स्वतःची सायकल रेल्वेने न्यायची तर ती पार्सल ऑफिसात बुक करून लगेज व्हॅनमध्ये चढवावी लागते. ज्या गाडीला लगेज व्हॅन नाही तिथं हा मार्ग बंद, आणि थोडाच वेळ थांबणाऱ्या गाडीत चढवणं-उतरवणं दगदगीचं. घडीची सायकल बॅगेत घालून नेणं सोयीचं, पण वीस इंची चाकं फरशीच्या सांध्यांत जास्त आदळतात. त्यांना निदान ४० मिलिमीटरचे टायर हवेत. मोटारीच्या मागे रॅक लावून नेणारे एक्सप्रेसवेने जातात: बडोद्याकडून दुमाडजवळून चढायचं, ९३ किलोमीटरनंतर अहमदाबादच्या सीटीएम भागात उतरायचं. एक्सप्रेसवेवर सायकल आणि दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे बडोद्याहूनच सायकल मारत जायचा विचार असेल तर वासद, आणंद, नडियाद, खेडा असा जुना हायवे. तो वेगळाच उद्योग आहे, ट्रक फार.

वाटेतलं काय बघावं? सुभाष पुलाजवळ पश्चिम काठावर साबरमती आश्रम, १९१७ सालचा. आर्किटेक्चर किंवा फाइन आर्ट्स शिकणारी पोरं बरोबर असतील तर आश्रम रोडवरची मिल मालक संघाची इमारत आणि सरदार पुलाजवळचं संस्कार केंद्र. दोन्ही ल कॉर्बुझिएची. नेहरू पुलाच्या पूर्व टोकाला वर आलं की लाल दरवाजा, सिदी सैयदची जाळी १५७३ ची, आणि तिथंच लकी रेस्टॉरंटचा चहा-मस्काबन, कबरींच्या शेजारी टेबलं मांडलेला. बडोदेकर मराठी माणसाने रायखडवरून एक चक्कर मारावी: गायकवाड हवेली तिथं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत या शहराचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता. हवेली आता पोलिसांकडे आहे, तेव्हा बाहेरूनच बघायची. नाश्त्याला मात्र आपली सेव-उसळ तिथं मागू नये. मिळेल ते नाव तेच सांगतील, पण तर्री ती नव्हे.

रविवारी एलिस पुलाजवळ पूर्व काठावर गुजरी बाजार भरतो. जुनी भांडी, पुस्तकं, हत्यारं, सायकलचे सुटे भागसुद्धा. बाजार करायचा असेल तर पूर्व काठ, आणि सायकल पश्चिमेलाच कुलूप लावून ठेवलेली. नुसतं फिरायचं असेल तर रविवारी पश्चिम काठानेच जा-ये.

तक्रारी तीन. स्वच्छतागृहं वरच्या पातळीला आणि बागांच्या आसपास आहेत. खालून जाताना त्यांची पाटी दिसत नाही, त्यामुळे बायकांना आणि वयस्करांना आधी ठरवून थांबावं लागतं. पाणी साचलेलं असल्यामुळे काही जागी, विशेषतः वासण्याच्या बाजूला, उन्हाळ्यात वास येतो. आणि अंतराचे दगड किंवा पाट्या कमी पडतात. पुढचा रॅम्प किती मीटरवर, एवढं भिंतीवर रंगवलं असतं तरी निम्मा त्रास वाचला असता. तोवर फोनवर नकाशा उघडा ठेवायचा, आणि पुलाखालून जाताना पुलाचं नाव मोठ्याने म्हणायचं. बरोबरच्या मागे राहिलेल्या माणसाला फोनवर कुठं भेटायचं ते सांगायला तेवढंच उपयोगी पडतं.